पुसलेल्या भिंतीची आठवण

श्रोतेहो, आमच्या लहानपणी दसऱ्याच्या आधी घराला चुना द्यायची पद्धत होती. त्या चुन्याच्या बादलीची मला मोठी धास्ती वाटे. स्वयंपाकघराच्या दारालगतच्या भिंतीवर वडील आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा पेन्सिलीने ओढून ठेवीत. कोण कितपत वाढले, हे त्या रेघांवरून कळायचे. वर्षातून एकदा कुंचला फिरला की रेघा गडप! मी रडकुंडीला येई. आई म्हणे, "अरे, रेघ पुसली म्हणून तू काही लहान झालास का?" तिचे म्हणणे मला पटत नसे, आणि ते खोडूनही काढता येत नसे.

ही घरगुती गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, ज्या कलावतीविषयी मी बोलणार आहे, तिने हाच प्रश्न फार मोठ्या भिंतींवर विचारला आहे. तिचे नाव नलिनी मलानी. जन्म कराचीचा, १९४६ सालचा. घडण मात्र मुंबईची. भिंतीवर खपून चित्रे काढायची आणि प्रदर्शन संपले की ती पुसून टाकायची, असा उद्योग या बाईंनी केला आहे. का केला, हे समजून घेण्याचा आपण आज प्रयत्न करू.

प्रथम एक अडचण दूर करू. नलिनीबाईंना संकल्पनेच्या अंगाने काम करणाऱ्या, अनेक कलाशाखांत वावरणाऱ्या कलावंत म्हणतात. हे शब्द ऐकले की आपण बिचकतो. चित्रकार म्हटले की रंग, कुंचला आणि चौकट. मग ही बाई चित्रेही काढते, चित्रपटही करते, नाटकाचे नेपथ्यही उभारते आणि पत्र्याच्या ट्रंका मांडून त्यालाही कलाकृती म्हणते, हे कसं? मला वाटतं, आपल्याला हे इतकं परकं वाटायला नको. आपला कीर्तनकार आठवून पाहा. तो गातो, गोष्ट सांगतो, नक्कल करतो, प्रसंगी नाचतो. तो गवई का नट, असे आपण विचारीत नाही. त्याला निरूपणाचा विषय महत्त्वाचा. त्या विषयाला जे लागेल ते तो हाताशी घेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुष्कळ कलावंतांनी हीच वाट धरली. आधी कल्पना, मग तिला लागेल ते साधन.

नलिनीबाईंच्या निरूपणाचा विषय त्यांना जन्माबरोबरच मिळाला. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा त्या जेमतेम वर्षाच्या होत्या. कुटुंबाने कराची सोडली, आधी कलकत्ता गाठले आणि काही वर्षांनी ते मुंबईला आले. आता पाहा, वर्षाच्या मुलाला काय आठवणार? घर आठवत नाही, रस्ता आठवत नाही. पण घरातली वडीलधारी माणसे त्या घराविषयी बोलतात, बोलता बोलता थांबतात, आणि ते थांबणेही मूल ऐकत असते. जे स्वतःला आठवत नाही, त्याचीच आठवण जन्मभर वागवायची, असा हा विचित्र वारसा आहे. निर्वासितांच्या मुलांना तो मिळतो. 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या स्मृतीत सापडत नाही, दुसऱ्याच्या स्मृतीत शोधावे लागते.

१९६४ साली त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या आणि १९६९ साली शिकून बाहेर पडल्या. शाळेतले शिक्षण झालेच. पण दुसरी एक शाळा त्यांना याच सुमारास लाभली. ती म्हणजे वॉर्डन रोडवरचे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. एकाच आवारात चित्रकारांच्या खोल्या, संगीताच्या तालमी आणि नाटकही. नलिनीबाईंना विद्यार्थिदशेतच तिथे काम करायला जागा मिळाली. चित्राच्या खोलीतून बाहेर पडावे तो सतारीचे सूर कानी यावेत आणि जिना चढावा तो नाटकाची तालीम चाललेली दिसावी, अशा घरात वाढलेल्या मुलीला कलांमधल्या भिंती फारशा पक्क्या वाटल्या नसतील तर नवल नाही.

१९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून एक कार्यशाळा सुरू केली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत, ही त्यामागची कल्पना. तिथे काम करणाऱ्यांत नलिनीबाई वयाने सर्वांत लहान आणि एकट्याच स्त्री. त्यांनी तिथे कॅमेऱ्यावाचून छायाचित्रे केली आणि छोटे चित्रपटही केले. त्यांपैकी 'ड्रीम हाउसेस' म्हणजे स्वप्नातल्या घरांचा रंगीत खेळ. स्वातंत्र्यानंतर नव्या, नेटक्या शहरांची जी आशा होती, ती त्यात आहे. पुढे १९७६ साली त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा चित्रपट ठेवला. तो कृष्णधवल. त्यात एक तरुणी खऱ्याखुऱ्या मुंबईकडे पाहत उभी आहे. दोन्ही एकदम शेजारी शेजारी दाखवायचे आणि नाव द्यायचे 'युटोपिया'. एका डोळ्याने स्वप्न पाहावे आणि दुसऱ्याने झोपडपट्टी! सात वर्षांत मनातले शहर आणि पायाखालचे शहर किती लांब गेले, हे सांगायला त्यांनी एक शब्द खर्चलेला नाही.

मध्यंतरी, १९७० ते ७२ या काळात, फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला राहून आल्या. परतल्यावर त्यांनी बरीच वर्षे माणसांचीच चित्रे काढली. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' नावाचे प्रदर्शन झाले. चित्रात पुन्हा आपल्या भोवतालचा माणूस आणायचा, अशी त्यामागची भूमिका. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, आपले ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन आणि नलिनीबाई, असे सहा जण त्यात होते. या सहांतही स्त्री एकच, हे आपल्या ध्यानात आले असेल. त्यांच्याही ध्यानात ते होतेच. १९८७ ते ८९ या काळात अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि त्या स्वतः, अशा चौघींनी मिळून केलेले प्रदर्शन गावोगावी फिरले. त्या काळात चार चित्रकर्तींनी आपण होऊन असे एकत्र उभे राहणे, ही नवी गोष्ट होती.

त्यांची काम करण्याची जागा पुढे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत होती. विजेच्या सामानाचा तो घाऊक बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथली गर्दी वेगळी सांगायला नको. डोक्यावर खोकी, खांद्यावर तारांची वेटोळी घेऊन वाट काढणारे हमाल, पायरीवर बसून जेवणारी माणसे, हे सगळे नलिनीबाईंच्या कागदावर उतरले.

आणि आता १९९२ साल. जहांगीर कलादालनाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा केमोल्ड गॅलरी होती. तिथे नलिनीबाईंनी 'सिटी ऑफ डिझायर्स' हे प्रदर्शन मांडले. मांडले म्हणजे काय, तर थेट भिंतींवरच चित्रे काढली. राजस्थानात नाथद्वारा इथली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती. त्याचा निषेध त्यामागे होता. प्रदर्शनाचे दिवस भरले आणि भिंतींवर पांढरा रंग फिरला. विकायला काही नाही, घरी न्यायला काही नाही. बाजाराच्या हिशेबाने शुद्ध वेडेपणा!

पण जरा विचार करून पाहा. नाथद्वाऱ्याची चित्रे हळूहळू जात होती, म्हणून कुणाला त्याचे काही वाटत नव्हते. नलिनीबाईंनी तेच जाणे लोकांच्या डोळ्यांसमोर घडवून आणले. शे-दीडशे वर्षांचा नाश काही दिवसांत घडला की माणूस दचकतो. आणि ज्यांनी ती भिंत पाहिली, त्यांच्यावर एक जबाबदारी येऊन पडली. चित्र आता फक्त त्यांच्या आठवणीत होते. त्यांनी विसरायचे ठरवले, तर ते खरोखरच संपले.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्या महिन्यात व पुढल्या जानेवारीत मुंबईने ज्या दंगली पाहिल्या, त्यांची उजळणी मी करीत नाही. ज्या कुटुंबाने १९४७ पाहिले होते, त्याच्या मुलीला हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. एवढे खरे की, या काळानंतर त्यांना चित्राची चौकट पुरेनाशी झाली. १९९३ साली अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर त्यांनी मीडियाच्या कथेवरचा प्रयोग केला. पुढे अनुराधा कपूर यांच्याबरोबर ब्रेख्तच्या गोष्टीवरचे काम झाले. चित्र भिंतीवरून उतरून माणसांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

श्रोतेहो, इथे मी माझी एक आठवण सांगतो. १९९९ साली मी महाविद्यालयात शिकत होतो. आम्ही तिघे मित्र मुंबईला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम पाहायला गेलो होतो. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे. आम्हाला पाहायचे होते पेंढा भरलेले वाघ आणि जुनी हत्यारे. चुकून एका अंधाऱ्या दालनात शिरलो. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या. आपल्याकडे घरोघरी असतात, तशाच. आत गोधड्या-रजया आणि त्यांत दूरदर्शनसारखे पडदे, चित्रे हलताहेत. भिंतींवर प्रचंड मोठी दृश्ये. अणुस्फोटाचा तो ढग. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया, एका साडीची घडी घालू पाहत आहेत.

माझे मित्र लगेच बाहेर पडले. मी थांबलो, तो त्या साडीमुळे. धुतलेल्या साडीची घडी दोघींनी कशी घालायची, हे मी घरी शेकडो वेळा पाहिले होते. आई आणि काकू दोन टोके धरीत, ताणीत, दुमडीत, आणि मग एकमेकींकडे चालत येत. काकूच्या हातातले टोक आईच्या हातात आले की घडी पुरी. जवळ आल्याशिवाय साडीची घडी होतच नाही! आणि या दोघी तर समोरासमोरच्या भिंतींवर. त्या जवळ येणार कशा? मधे आख्खे दालन पसरलेले, त्या दालनात ट्रंका, आणि ट्रंकांमध्ये मी उभा.

या कामाचे नाव 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग'. सआदत हसन मंटोची ती कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मंटो फाळणीपूर्वी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत होता आणि १९४८ साली लाहोरला गेला. फाळणीनंतर दोन्ही देश आपापल्या इस्पितळांतल्या वेड्यांचीही अदलाबदल करायचे ठरवतात. त्यांतला बिशनसिंग विचारत राहतो की, माझे गाव टोबा टेक सिंग कुठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? शेवटी तो दोन सरहद्दींच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या पट्टीत कोसळतो. १९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या, तेव्हा नलिनीबाईंना ही कथा आठवली. त्या दालनात उभा राहून मला हे काही कळले नव्हते. कथा मी नंतर वाचली. आणि वाचल्यावर लक्षात आले की, ज्या जागी मी उभा होतो ती बिशनसिंगचीच पट्टी होती. बघणाऱ्यालाच त्या बाईंनी नेऊन मधे उभे केले होते. हे चौकटीतल्या चित्राला साधले नसते.

यानंतर त्यांचे नाव जगभर झाले, तो तपशील मी थोडक्यात उरकतो. २००५ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी 'मदर इंडिया' ही पाच पडद्यांवरची कृती दाखवली. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधावरून ती सुचली. फाळणीत पळवून नेलेल्या बायकांना शोधून परत पाठवण्यासाठी आपल्याकडे १९४९ साली कायदा झाला. हेतू चांगला असेल. पण त्या बाईची स्वतःची इच्छा काय, हे त्यात निर्णायक मानले गेले नव्हते. एकदा शत्रूने नेली, एकदा सरकारने आणली, आणि दोन्ही वेळी कुणी तिला विचारले नाही! तो धागा नलिनीबाईंनी २००२ च्या गुजरातपर्यंत आणून जोडला.

२०१२ साली जर्मनीत कासेल इथे 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' झाले. हे नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून आले. त्याची रचना मोठी मौजेची आहे. पारदर्शक पत्र्यांची मोठाली नळकांडी छताला टांगलेली, त्यांच्या आतल्या बाजूने चित्रे काढलेली. नळकांडी संथपणे फिरतात, त्यांतून प्रकाश जातो आणि सावल्या भिंतींवर एकमेकींचा पाठलाग करतात. कोकणात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही जादू परकी वाटणार नाही. आतून चित्र काढण्याची ही रीत आपल्या जुन्या काचचित्रांची. तिच्यात सगळा क्रम उलटा असतो. डोळ्यातली बाहुली आधी, चेहरा नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा रंग चढला की मागची चूक सुधारता येत नाही. आठवणही अशीच नसते का? एखादा बारकावा आधी उजळतो, मग त्याच्यामागे हळूहळू घर दिसू लागते.

२०१७ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने त्यांच्या आजवरच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले, २०१९ साली बार्सिलोनाचे होआन मिरो पारितोषिक मिळाले आणि २०२३ साली जपानचे क्योटो पारितोषिक. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी टॅबलेटच्या काचेवर बोटाने चित्रे काढून ती हलती करायला सुरुवात केली. २०२० साली लंडनमध्ये दाखवलेल्या 'कॅन यू हिअर मी' मध्ये अशी ८८ चलत्चित्रे होती. २०१८ साली जम्मूच्या कठुआ भागात ज्या आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा जीव घेतला गेला, तिची हाक कुणी ऐकली नाही, ही खंत त्या नावामागे आहे. तिथेही रेघ उमटते, पुसली जाते, पुन्हा उमटते. १९९२ ची ती भिंत बाईंनी सोडलेली नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या कलेवर आक्षेप आहेत आणि ते सगळेच उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला असा की, ही कला यंत्रांवर, वीजपुरवठ्यावर आणि श्रीमंत संग्रहालयांवर अवलंबून आहे. ज्यांचे दुःख त्यात आहे, त्या माणसांपर्यंत ती कितीशी पोहोचते? लोहार चाळीतला हमाल कासेलला जात नाही. दुसरा आक्षेप असा की, कसांड्रा, मीडिया, द्रौपदी, मंटो, ब्रेख्त अशी एवढी शिदोरी आधीच बांधून न्यावी लागत असेल, तर साध्या माणसाने करायचे काय? पहिल्या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, मुंबईत ते काम त्यांनी वाघ-सिंह बघायला येणाऱ्यांच्या वाटेवर मांडले, म्हणून तर माझ्यासारख्या अडाण्याला ते दिसले. अशा जागा आपल्याकडे वाढायला हव्यात; तो दोष कलावंताचा कमी आणि आपला अधिक. दुसऱ्या आक्षेपाबद्दल म्हणाल तर, मला त्या दिवशी मंटो ठाऊक नव्हता. साडीची घडी ठाऊक होती. तेवढ्यावर आत शिरता आले.

शेवटी जवळची गोष्ट सांगतो. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. माझ्या वर्गात त्या भागातून येणारी मुले असतात. एकदा शिकवता शिकवता एका विद्यार्थ्याला विचारले, "तुझे आजोबा मूळचे कुठले रे?" तो चटकन म्हणाला, "उल्हासनगरचे, सर." "त्याच्या आधी?" तो हसला आणि खांदे उडवून गप्प बसला. गावाचे नाव त्याला माहीत नव्हते. कुणी पुसले ते? कुणीच नाही. आजोबांना सांगवले नसेल, वडिलांना विचारवले नसेल, आणि मुलाला विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. तीन पिढ्यांत तीन हात चुना! दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा आपण होऊन माझ्याकडे आला. आजी हयात होती, तिला त्याने विचारले होते. एका चिठोऱ्यावर त्याने गावाचे नाव देवनागरीत लिहून आणले होते आणि खाली लिहिले होते की, आजीला विहीर आठवते.

नलिनीबाईंच्या कलेचे मोल मला त्या चिठोऱ्यावर कळले. भिंत पुसली जाते, याला इलाज नाही. काळ पुसतो, सत्ता पुसते, आणि कधीकधी दुःखाने थकलेली माणसे आपणच पुसतात. कलावंत ते थांबवू शकत नाही. पण 'इथे काहीतरी होते' हे तो इतक्या जोराने सांगू शकतो की, पाहणाऱ्याने घरी जाऊन आपल्या आजीला विचारावे.

माझी आई म्हणायची, रेघ पुसली म्हणून तू काही लहान झालास का? आज मी तिला सांगेन, लहान झालो नाही, आई. पण किती वाढलो, हे सांगायला आता तूच उरली आहेस. श्रोतेहो, तुमच्या घरीही असे कुणी असेल. त्यांना विचारायचे ते अजून वेळ आहे तोवर विचारून घ्या.